कल्पवासी, प्रश्नावली आणि घरी परतल्यानंतरचा महिना

‘नामस्मरणाने रक्तदाब कमी होतो, आता विज्ञानानेही मान्य केलं’ अशा थाटाचा मेसेज तुमच्या घरच्या ग्रुपवर कधीच आला नसेल, तर तुम्ही नशीबवान आहात. माझ्याकडे महिन्याला दोन तरी येतात. खाली काकाचा नाहीतर मावशीचा ठरलेला प्रश्न असतो: ‘तू सायन्सवाली ना, मग सांग, खरं आहे का हे?’

छोटं उत्तर ‘काही अंशी खरं आहे’ असं आहे. २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. २३ निरोगी माणसांना त्यांनी ‘आवे मारिया’ ही जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा जास्त तत्पर झाली. पेपर नेटका आहे. पण एक प्रार्थना मेरीची, दुसरा मंत्र बौद्ध, आणि परिणाम सारखाच! म्हणजे काम केलं ते संथ श्वासाने. तेवढ्याच लयीत कुणी पाढे म्हटले तरी फारसा फरक पडणार नाही असा माझा अंदाज. मेसेजमध्ये हा भाग अर्थातच नसतो.

मोठं उत्तर वेगळं आहे आणि ही पोस्ट त्याच्यासाठी आहे. मला त्या मेसेजमधल्या उत्तरापेक्षा प्रश्नाचीच जास्त अडचण वाटते. जग चंगळवादी झालंय, सगळ्या गोष्टींची किंमत केली जाते, अशी तक्रार आपण करतो. आणि मग भक्तीला त्याच तराजूत टाकून तिचं वजन किती भरतं ते बघतो. रक्तदाब इतका, झोप इतकी, ताण इतका कमी. हा भक्तीचा गौरव नाही, जाहिरात आहे. मी स्वतः संध्याकाळी हरिपाठ म्हणते (लॅबमध्ये उशीर झाला की राहतो, ते असो). तो मी रक्तदाबासाठी म्हणत असेन, तर गोळी घेऊन रक्तदाब आटोक्यात आल्यावर हरिपाठ बंद करायला हरकत नाही. हे वाक्य वाचून तुम्हाला कसंसंच झालं असेल तर माझा मुद्दा पोचला.

भक्तीला औषध मानून चाचणी घ्यायची हौस किती टोकाला जाते याचं एक उदाहरण देते आणि मुख्य विषयाकडे वळते. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि मंडळींनी हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १८०२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. काही रुग्णांसाठी अनोळखी ख्रिस्ती गटांनी प्रार्थना केली, काहींसाठी केली नाही. प्रार्थना होईल की नाही हे या दोन्ही गटांना नक्की माहीत नव्हतं. त्यांच्यात गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण ५२ टक्के आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला मात्र ‘तुमच्यासाठी प्रार्थना होणार’ असं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्यात प्रमाण निघालं ५९ टक्के! आता काय म्हणायचं? प्रार्थना अपायकारक आहे? ज्यांनी भक्तीचं प्रमाणपत्र प्रयोगशाळेकडे मागितलं, त्यांना हाही निकाल मान्य करावा लागेल. एक निकाल घ्यायचा आणि दुसरा टाळायचा, असं चालत नाही.

आता ज्या अभ्यासाबद्दल लिहायचं आहे तो. हा मला मनापासून आवडतो आणि म्हणूनच त्यावर नीट टीका करावीशी वाटते. प्रयागच्या माघ मेळ्यावरचं हे काम आहे.

आधी कल्पवास म्हणजे काय ते सांगते, कारण आपल्याकडे वारी घरोघरी माहीत असते, कल्पवास तेवढा माहीत नसतो. दरवर्षी पौष पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत गंगा-यमुनेच्या संगमावर, नदीचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या वाळूत, तंबूंचं एक शहर उभं राहतं. (उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांची माघातली मौनी अमावास्या आपल्या पंचांगात पौषाची असते. तारीख शोधताना गोंधळू नका.) पर्वणीच्या दिवशी येऊन बुडी मारून जाणारे लाखो असतात, पण कल्पवासी तो महिनाभर तिथंच राहतो. पहाटेच्या थंडीत गंगेत स्नान, दिवसातून एकदा जेवण, जमिनीवर झोप, बाकी वेळ जप, कथा, कीर्तन. तंबूबाहेर तुळस लावायची, जव पेरायचे. बरेचसे कल्पवासी खेड्यांतून आलेले, उतारवयातले नवरा-बायको. हे व्रत साधारणपणे सलग बारा वर्षं चालवायचं असतं आणि शेवटी उद्यापनाला शय्यादान करायचं, म्हणजे अंथरूण-पांघरुणापासून संसारातल्या वस्तू दान द्यायच्या.

संन्यास नव्हे हा. माघ संपला की माणूस घरी परततो. तीच शेती, त्याच भाऊबंदकीच्या केसेस, तोच गॅस सिलिंडर. वर्षातले अकरा महिने संसारात आणि एक महिना वाळूत, अशी ही वाटणी आहे. ‘या जगात राहून भक्ती कशी करायची’ या प्रश्नाला आपल्या परंपरेने जी अनेक उत्तरं दिली, त्यातलं हे एक चांगलं व्यवहारी उत्तर.

या कल्पवाशांवर भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून काही वर्षं काम केलं. अलाहाबाद विद्यापीठातले नारायणन श्रीनिवासन, तिकडचे निक हॉपकिन्स, स्टीफन रायशर ही त्यातली काही नावं. रायशर हे गर्दीच्या मानसशास्त्रातलं मोठं नाव आहे. गुस्ताव ल बाँ या फ्रेंच लेखकाने १८९५ साली एक पुस्तक लिहून असं ठसवलं की गर्दीत शिरलं की माणसाचं डोकं चालेनासं होतं. ते मत इतकं रुजलं की अजूनही बातम्यांमध्ये ‘बेभान जमाव’ हा शब्द आपसूक येतो. रायशरांचं म्हणणं याच्या उलट. गर्दीत माणूस ‘स्व’ हरवत नाही, ‘मी’ऐवजी ‘आम्ही’ म्हणून वागू लागतो. हे डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

पहिला पेपर २०१२ साली ‘प्लॉस वन’मध्ये आला. तिवारी आणि सहकाऱ्यांचा आहे, कुणालाही फुकट वाचता येतो. महिनाभर मुक्काम केलेले ४१६ यात्रेकरू आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण. मेळ्याच्या एक महिना आधी आणि मेळा संपल्यावर एक महिन्याने, अशी दोनदा प्रश्नावली भरून घेतली. तुम्हाला बरं वाटतं का, अंगदुखी-खोकला वगैरे काय तक्रारी आहेत, अशा धर्तीचे प्रश्न. निकाल असा की न गेलेल्यांच्या तुलनेत गेलेल्यांनी स्वतःचं स्वास्थ्य वाढल्याचं सांगितलं.

ते १२७ लोक कशाला हवेत, असा प्रश्न नव्या वाचकाला पडू शकतो. समजा फक्त यात्रेकरूंनाच विचारलं. पहिली प्रश्नावली ऐन हिवाळ्यात भरली, दुसरी फाल्गुनाच्या उबेत. थंडी गेली की गुडघे आपोआप बरे वाटतात, त्यात गंगेचं श्रेय काय? म्हणून न गेलेली माणसंही हवीत, ज्यांची थंडी तितकीच गेली पण स्नान झालं नाही. दोघांतला फरक काढला की ऋतूचा वाटा वजा होतो. कंट्रोल ग्रुपचं सगळं मर्म एवढंच आहे. एरवी भक्तीवरच्या अभ्यासांत हा साधा शहाणपणा बरेचदा नसतो, इथे आहे, म्हणून पहिली दाद.

पण कोण जाणार आणि कोण नाही, हे संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नाही. ठरवताही येणार नाही. ज्याला महिनाभर घर सोडणं परवडतं, ज्याचे पाय चालतात, ज्याच्या मागे बघणारं कुणी आहे, तो जातो. पहिल्या दिवशी दोन्ही गट सारखे बरे होते असं गृहीत धरलं, तरी पुढच्या तीन महिन्यांत त्यांची वाट सारखी जाईल याची खात्री नाही. दुसरं म्हणजे ४१६ हा आकडा महिना पूर्ण केलेल्यांचा आहे. दहाव्या दिवशी ताप भरून ज्याला मुलगा येऊन घरी घेऊन गेला, तो या आकड्यात कसा असेल? आमच्या प्रयोगांत आम्ही खराब झालेली नळी बाजूला ठेवली तर गाइड पहिला प्रश्न हाच विचारतात की ती का काढली. इथे नळीच्या जागी माणूस आहे.

तिसरी शंका जरा नाजूक आहे. उत्तरं माणसांनीच स्वतःबद्दल दिलेली आहेत, कुणी रक्त तपासलेलं नाही. आणि तीर्थावरून आलेला माणूस ‘तिथं जाऊन तब्येत ढासळली’ असं सहसा म्हणत नाही. आपल्याकडेही वारीहून आलेल्या बाईचे पाय सुजलेले असतात आणि ती म्हणते, ‘छान झालं सगळं, माउलीने सांभाळून नेलं.’ ती खोटं बोलत नाही. प्रसाद कडू लागला तरी कडू म्हणायचा नसतो हे तिच्या भक्तीतच बसतं. मग प्रश्नावलीवर जी टिक पडली ती तब्येतीबद्दल आहे की कृतज्ञतेबद्दल? पेपर या दोन गोष्टी वेगळ्या करू शकत नाही. माझ्या मते ही यातली सगळ्यात मोठी अडचण आहे, आणि एका परीने सगळ्यात सुंदरही, कारण इथे भक्ती मोजमापाच्या आतच येऊन बसली आहे.

आता याच मंडळींचे ते पेपर, जे मेसेजमध्ये कधीच येत नाहीत. मला ते पहिल्यापेक्षा सरस वाटतात.

एक आहे आवाजावरचा, २०१३ सालचा. मेळ्यात भोंगे दिवसरात्र चालू असतात. कथा, भजनं, हरवलेल्यांच्या घोषणा, सगळं एकमेकांत मिसळून. शहरी कानाला हा छळ आहे. संशोधकांनी यात्रेकरूंना एक असा गोंगाट ऐकवला जो नेमका कशाचा ते कळू नये. काहींना सांगितलं हा मेळ्यातला आवाज आहे, काहींना सांगितलं शहरातल्या रस्त्याचा. आवाज तोच. पण ‘मेळ्यातला’ म्हटल्यावर लोकांनी तो जास्त वेळ ऐकला आणि त्यांना तो कमी त्रासदायक वाटला. इथे ‘तुम्हाला बरं वाटतंय का’ असं थेट विचारलेलं नाही, किती वेळ ऐकला ते घड्याळाने मोजलं. म्हणून मघाची कृतज्ञतेची शंका इथे बरीच कमी होते. दुसरा पेपर थंडीवरचा, २०१४ सालचा, मुलाखतींवर आधारलेला. कुडकुडणारी माणसं थंडीबद्दल काय बोलतात ते त्यात आहे. थंडी नाही असं कुणी म्हणत नाही. पण ती यात्रेकरू असण्याचाच एक भाग होऊन जाते आणि सोसली जाते.

शास्त्राच्या भाषेत बोलायचं तर संवेदना आणि तिचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, अर्थ संवेदनेत शिरतो. भक्ताच्या भाषेत याला तप म्हणतात. दोन्ही भाषा इथे एकमेकींच्या जवळ येतात आणि कुणालाच कमीपणा येत नाही. ‘विज्ञानाने सिद्ध केलं’ या आरोळीपेक्षा हे मला कितीतरी मोलाचं वाटतं.

तिसरा पेपर हॉपकिन्स आणि मंडळींचा, २०१६ चा. मेळ्यात माणसं आनंदी का असतात याची दोन कारणं त्यांनी तपासली. एक म्हणजे अनोळखी माणसांशीही जवळीक वाटणं, ‘आपण सगळे यात्रेकरू’ हा भाव. हे अपेक्षितच होतं, रायशरांचा तो ‘आम्ही’. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. आपण जसं जगायला हवं असं आपल्याला वाटतं, तसं तिथे जगता येतं.

मला वाटतं या सगळ्या संशोधनातली कामाची गोष्ट ही आहे. घरी पहाटे उठून जप करणारा माणूस एकटा पडतो. दूधवाला येतो, फोन वाजतो, कुणीतरी म्हणतं ‘झालं का तुमचं? चहा गार होतोय.’ कुणी वाईट नसतं. पण घराचं घड्याळ वेगळ्या कामासाठी लावलेलं असतं. मेळ्यात शेजारच्या तंबूतलं घड्याळही तुमच्यासारखंच लावलेलं असतं. पहाटे सगळेच उठतात, एकदाच सगळे जेवतात, जप करणाऱ्याला कुणी हाक मारत नाही. तिथे भक्तीसाठी वेगळी इच्छाशक्ती खर्चावी लागत नाही, आजूबाजूची रचनाच ती सांभाळते. ‘भक्तीने स्वास्थ्य वाढतं’ याच्यापेक्षा हे विधान खूप वेगळं आहे. इथे स्वास्थ्य हा भक्तीचा मोबदला नाही. आपण जे आहोत ते राहायला मिळालं, की माणसाला बरं वाटतं, इतकंच.

अर्थात ‘आपण सगळे’ म्हणजे कोण, हा प्रश्न मराठी वाचकाला तरी पडायलाच हवा. इरावती कर्वे पालखीबरोबर चालल्या आणि त्यावर त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. तो ‘परिपूर्ती’त आहे. एकाच दिंडीत, तोंडी एकच नाम, आणि तरी जेवायच्या वेळी जातीप्रमाणे पंगती वेगळ्या, हे त्यांनी पाहिलं आणि त्यांना ते सलत राहिलं. पुढे व्हिक्टर टर्नर या मानववंशशास्त्रज्ञाने यात्रेतल्या समभावाचा सिद्धांत मांडताना याच लेखाचा आधार घेतला. म्हणजे सिद्धांताच्या मुळाशीच हा खडा आहे. माघ मेळ्याच्या पेपरांत सामायिक ओळख मोजताना सरासरी काढलेली आहे. सरासरीत पंगतीच्या टोकाला बसलेला दिसत नाही. मला त्या ४१६ मधल्या कुणाकुणाला ‘आपण सगळे’ वाटलं नाही, हे वाचायला आवडलं असतं.

आणि गर्दीचं कौतुक करताना गर्दी मारतेही, हे विसरू नये. २०२५ च्या महाकुंभात मौनी अमावास्येला, २९ जानेवारीच्या पहाटे, संगमाजवळ चेंगराचेंगरी झाली. सरकारने मृतांचा आकडा ३० सांगितला. ती माणसंही ‘आम्ही’ म्हणूनच आलेली होती. २०१२ चा पेपर धोके नाकारत नाही, फक्त धोक्याकडेच बघू नका म्हणतो. ते ठीक आहे. पण जमावाचे फायदे सांगणारं वाक्य प्रशासनाच्या हाती पडलं, की त्याचा वापर कसा होईल याची मला धास्ती वाटते. आपसातली जवळीक हे बॅरिकेडचं काम करत नाही.

आता शीर्षकातला मुद्दा. २०१५ साली त्याच ४१६ जणांच्या माहितीवर आणखी एक पेपर आला. त्यात तीन वेळचे आकडे आहेत: मेळ्याआधी, मेळ्यात आणि नंतर. लोकांनी सांगितलेलं आरोग्य मेळ्यात वर गेलं. घरी आल्यावर खाली आलं, पण आधीपेक्षा वरच राहिलं. ज्यांना इतर यात्रेकरूंशी जास्त एकरूप वाटलं होतं, त्यांच्यात हा बदल जास्त दिसला. (इथे फक्त यात्रेकरूच आहेत, न गेलेले नाहीत. त्यामुळे मधल्या उंचीची तुलना करायला काही नाही. मघाचा गुडघ्यांचा मुद्दा आठवा.)

हा निष्कर्ष सांगताना भर नेहमी ‘वर गेलं’ आणि ‘वरच राहिलं’ यावर असतो. मला ‘खाली आलं’ जास्त खरं वाटतं. एका महिन्यात खाली आलं. आणि पुढे? पुढचे दहा महिने कुणी विचारलंच नाही. वैशाखात, लग्नसराईच्या खर्चात, किंवा श्रावणात पाऊस लांबल्यावर, त्या माणसाचा जप चालू होता का? चंगळवादी जगात भक्ती करणं म्हणजे काय, हा प्रश्न असेल तर तो त्या दहा महिन्यांत आहे, वाळूतल्या तीस दिवसांत नाही. अनुकूल जागी पोचल्यावर माणसं बरी वाटतात हे कळलं. प्रतिकूल जागी परतल्यावर त्यांचं काय होतं, ते मोजायचं राहिलं.

गंमत म्हणजे परंपरेला हे ठाऊक असावं. नाहीतर व्रत बारा वर्षांचं कशाला? एकदा जाऊन भागत असतं तर एकदाच सांगितलं असतं. ‘बूस्टर डोस’ म्हणायचा फार मोह होतोय, पण मग पुन्हा भक्तीची गोळी होते, तेव्हा नको. आपली वारीही दरवर्षी असते. घसरण गृहीत धरून आखलेली ही व्यवस्था आहे, आणि संशोधकांनी नेमकी घसरणच तळटीपेच्या भावात काढली, हे मला पटत नाही. सलग बारा माघ एकाच गटाला भेटणारा अभ्यास काढायचा म्हणजे पैसे आणि चिकाटी दोन्ही लागेल हे कळतं. तीन वर्षांच्या फेलोशिपवर ते होणार नाही. पण निदान वर्षभराचा तरी हवा होता.

आणि त्यात एक तिसरा गटही हवा, जो मला यातल्या कुठल्याच आराखड्यात दिसत नाही. सासू-सासरे महिनाभर कल्पवासाला गेले की गाईचं दूध कोण काढतं? नातवंडांच्या शाळेचं, शेतातल्या पाण्याच्या पाळीचं कोण बघतं? कल्पवाशाला भक्तीसाठी मोकळीक मिळते, कारण त्याच्या वाट्याचं काम दुसरं कुणीतरी उचलतं, बहुधा सून. वारीच्या दिवसांतही आपल्याकडे हेच असतं. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका ‘यंदा जमलं नाही, घरी कुणी नव्हतं’ असं सहज बोलून जातात. त्यांना भक्ती कमी आहे म्हणून त्या राहिल्या असं म्हणायची माझी तयारी नाही. १२७ जणांचा गट ‘न गेलेल्यांचा’ आहे, पण न गेलेल्यांत दोन प्रकार असतात. काहींना जायचंच नव्हतं, आणि काही दुसऱ्या कुणाला जाता यावं म्हणून थांबले. पहिल्यांची आणि दुसऱ्यांची उत्तरं एकाच सरासरीत टाकली, तर यात्रेकरूंशी केलेली तुलनाही डळमळते. हा नुसता भावनेचा मुद्दा नाही, आकडेशास्त्राचाही आहे.

मी आराखडा केला असता तर कल्पवाशाबरोबर त्याच्या घरी मागे राहिलेल्या एका माणसालाही तीच प्रश्नावली दिली असती. मेळ्याआधी, मेळ्यादरम्यान, मेळ्यानंतर आणि मग दर दोन महिन्यांनी पुढच्या माघापर्यंत. एक प्रश्न वाढवला असता: आज तुम्हाला जसं जगावंसं वाटतं, तसं किती वेळ जगता आलं? तास आणि मिनिटांत लिहा. असं काम कुणी केलेलं तुमच्या पाहण्यात असेल, तर मला जरूर पाठवा.